निकालावर बोलायचं कोणी?



होळीच्या आधीच्या अंकात तिसऱ्या पानावर खाली दोन ओळींची जागा कोरी होती. बाजारात दोन-तीन जणांनी विचारलं, शाई कमी पडली का रे? शाई कमी पडली नव्हती. त्या दोन ओळी आम्हीच स्टेन्सिलवर लाल पातळ लावून बुजवल्या होत्या. सरदार सरोवराच्या निकालावर लिहिलेलं होतं. टायपिंग झालं, रोलरला शाई लागली, तेवढ्यात आमच्यातलाच एक जण म्हणाला, "आत्ताच अरुंधती रॉयला तिहार जेलमध्ये टाकलं. ती एवढी मोठी लेखिका. आपल्याला टाकलं तर सोडवायला कोण येणार?" रात्रीचे अकरा वाजले होते, पहाटे अंक घेऊन निघायचं होतं. कोणी काही बोललं नाही. बुजवल्या.

हे सांगायला लाज वाटते. पण त्या रात्रीनंतर एक गोष्ट बरी झाली. ज्या निकालाला घाबरलो तो निदान वाचू तरी, असं ठरवलं. एका वकील साथीने ६ मार्च २००२ च्या निकालाची झेरॉक्स पाठवली. इंग्रजी आपलं बारावीचं, त्यात कोर्टाचं इंग्रजी. तीन रात्री डिक्शनरी घेऊन बसलो, अडलं ते वकील साथीला विचारलं. आता जे समजलं ते लिहितो आहोत. चुकलं तर जाणकारांनी सांगावं, पुढच्या अंकात दुरुस्त करू.

आधी काय घडलं ते थोडक्यात. १८ ऑक्टोबर २००० ला सुप्रीम कोर्टाने सरदार सरोवराचा निकाल दिला. तीन न्यायाधीश होते. दोघांनी, म्हणजे आनंद साहेब आणि किरपाल साहेबांनी धरणाला परवानगी दिली, तिसऱ्या भरुचा साहेबांनी वेगळा निकाल लिहिला. त्यानंतर १३ डिसेंबरला खोऱ्यातले लोक दिल्लीला जाऊन सुप्रीम कोर्टासमोर धरणं धरून बसले. काही वकिलांनी अर्ज केला की मेधा पाटकर, अरुंधती रॉय आणि वकील प्रशांत भूषण यांनी तिथे कोर्टाविरुद्ध घाण घोषणा दिल्या, आम्हाला धमकावलं. तिघांनीही हे नाकारलं. २८ ऑगस्ट २००१ ला कोर्टाने तो अर्ज काढून टाकला. अर्ज नीट केलेला नव्हता, ॲटर्नी जनरलची संमतीही घेतलेली नव्हती.

इथे प्रकरण संपायला पाहिजे होतं. पण अर्जाला उत्तर देताना अरुंधती रॉयने जे प्रतिज्ञापत्र दिलं होतं, त्यातल्या तीन परिच्छेदांवर कोर्टाने स्वतःहून दुसरी नोटीस काढली. काय होतं त्यात? तहलका प्रकरणाच्या चौकशीला न्यायाधीश द्यायला कोर्टाला सवड नव्हती, आणि असल्या बिनपुराव्याच्या अर्जावर मात्र नोटीस काढायला सवड मिळाली; यावरून टीका करणाऱ्यांचं तोंड बंद करण्याकडे कोर्टाचा कल दिसतो, अशा अर्थाचं तिने लिहिलं होतं. म्हणजे गंमत बघा. घोषणा दिल्याचा आरोप टिकला नाही, पण "माझ्यावर हा आरोप का केला" हे विचारलं तो गुन्हा झाला. पट्टनायक साहेबांनी या केसमधून बाजूला व्हावं असा तिने अर्ज केला, तोही नामंजूर झाला. शेवटी एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड. दंड भरला नाही तर तीन महिने. तिने एक रात्र तिहारमध्ये काढली आणि दुसऱ्या दिवशी दंड भरला.

आपल्याकडे चर्चा झाली ती या एका दिवसाची. पण साथींनो, निकालात याहून मोठी गोष्ट लिहिलेली आहे. कोर्टाने म्हटलं आहे की योग्य टीकेच्या नावाखाली सगळ्याच नागरिकांना कोर्टाच्या वागण्यावर बोलू देता येणार नाही, नाहीतर ही संस्थाच मोडून पडेल. आणि अरुंधती रॉयबद्दल म्हटलं आहे की तिला कायद्याचं किंवा न्यायालयाच्या कामाचं विशेष ज्ञान आहे असा तिचा दावा नाही, ती फक्त नाव असलेली लेखिका आहे.

हे वाक्य आम्ही दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. फक्त लेखिका! मग आम्ही कोण? बारावी पास, त्यातले दोघं बारावी नापास. आमच्या आयांना तर सहीपण येत नाही, अंगठा. ज्या निकालाने धरणाची भिंत वर जाते आणि पाणी चुलीपर्यंत येतं, त्या निकालावर बोलायला त्यांना कायद्याचं कोणतं विशेष ज्ञान पाहिजे?

आधी असं नव्हतं का? होतं आणि नव्हतं. कायदे मंत्री असताना पी. शिवशंकर यांनी १९८७ साली हैदराबादला भाषण केलं होतं. गोलकनाथसारख्या जमीनदाराला या देशात सहानुभूती मिळाली ती फक्त सुप्रीम कोर्टात, आणि हुंड्यासाठी सुना जाळणारे, परकीय चलनाचे चोर यांनाही तिथेच आसरा मिळतो, असं ते बोलले. त्यांच्यावर अवमानाची केस गेली. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा अवमान नाही. आता अरुंधती रॉयच्या निकालात तोच दाखला समोर आल्यावर कोर्ट म्हणतं, शिवशंकर यांची गोष्ट वेगळी, ते हायकोर्टाचे न्यायाधीश राहिलेले होते, मंत्री होते, त्यांना माहिती होती. बरोबर आहे, त्यांना माहिती होती. पण मग नियम असा झाला की जो आतला आहे त्याने मोठ्याने बोललं तरी चालतं, आणि जो बाहेरचा आहे त्याने हळू बोललं तरी अवमान.

त्याच्याही आधीची एक केस आहे. नंबुद्रीपाद केरळचे मुख्यमंत्री होते. १९६७ मध्ये ते पत्रकारांना म्हणाले की एका बाजूला चांगल्या कपड्यातला पोट सुटलेला श्रीमंत आणि दुसऱ्या बाजूला फाटक्या कपड्यातला अडाणी गरीब असेल, पुरावा दोन्हीकडे सारखा असेल, तर न्यायाधीश आपोआप श्रीमंताकडे झुकतो. तहसील कचेरीच्या ओट्यावर कधी बसलेल्या माणसाला यात नवीन काय वाटणार? पण त्यांना हायकोर्टाने एक हजार रुपये दंड केला. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम ठेवली, फक्त दंड पन्नास रुपयांवर आणला. आणि वर हेही सांगितलं की मार्क्स तुम्हाला नीट समजलेला नाही. (हे वाचून आम्ही खूप हसलो. मार्क्स समजला नाही म्हणून दंड व्हायला लागला तर आपल्या कितीतरी शिबिरांना दंड होईल!)

म्हणजे मुख्यमंत्री असो की लेखिका, शिक्षा झालीच. पण मुख्यमंत्र्याला पन्नास रुपये आणि लेखिकेला दोन हजार. अवमानाच्या १९७१ च्या कायद्यात दंडाचा आकडा जास्तीत जास्त दोन हजारच आहे. कैद एका दिवसाची म्हणून सगळे म्हणाले, कोर्टाने दया दाखवली. कोर्टानेही तसंच लिहिलं, ती बाई आहे हे लक्षात घेऊन मोठ्या मनाने वागतो, पुढे तरी तिला शहाणपण सुचावं. पण दंड मात्र कायद्यात जितका बसतो तितका पूर्ण लावला. रोहयोच्या कामावर खडी फोडून दोन हजार रुपये शिल्लक पडायला किती दिवस लागतात हे वाचणाऱ्यांनीच मोजावं. न भरल्यास तीन महिने. पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस तीन महिने आत गेला तर ते शेत कोण पेरणार? एक दिवसाची शिक्षा दिल्लीत झाली, पण तिची भीती इथपर्यंत चालत आली आणि आमच्या हातून दोन ओळी बुजवून गेली.

एका कचेरीत तर याचा वापरही सुरू झाला आहे. मागच्या महिन्यात आम्ही पुनर्वसनाच्या यादीतल्या चुकांवर अर्ज घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "हा सुप्रीम कोर्टाचा विषय आहे. याच्यावर काही बोललात, पत्रक काढलं, तर कंटेम्प्ट होईल. आत जाल." यादीत बापाचं नाव आहे, वयात आलेल्या मुलाचं नाव नाही, एवढंच विचारायचं होतं. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यातच लिहिलेलं आहे की सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. निवाडा काय म्हणतो ते सांगितलं तर कोर्टाचा अवमान कसा होईल? उलट निवाडा पाळला नाही तर तो अवमान. पण त्या दिवशी आम्हाला हे बोलता आलं नाही. कंटेम्प्ट हा शब्दच असा आहे की अर्थ माहीत नसेल तर माणूस गप्प बसतो.

म्हणून अर्थ लिहून ठेवतो. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात त्याला ज्या मर्यादा आहेत त्यात कोर्टाचा अवमान हा शब्द आहे. म्हणून "घटनेने सगळं बोलायची मुभा दिली आहे" असं सभेत सांगणारे साथी अर्धंच सांगतात. १९७१ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाची बदनामी करणं, त्याचा अधिकार कमी करणं, चालू खटल्यात किंवा न्यायाच्या कामात अडथळा आणणं हा गुन्हेगारी अवमान. मात्र कलम ४ म्हणतं, कोर्टात जे घडलं त्याचा खरा आणि योग्य वृत्तांत छापणं हा अवमान नाही. आणि कलम ५ म्हणतं, जी केस ऐकून शेवटचा निकाल झाला आहे, त्या केसच्या गुणदोषांवर योग्य टीका करणं हा अवमान नाही. सरदार सरोवराच्या केसचा निकाल २००० मध्येच झाला आहे. मग त्या निकालात काय चुकलं हे आम्हाला लिहिता येतं. ते लिहू द्यायला आम्ही कायदेमंत्री असलं पाहिजे अशी अट कलम ५ मध्ये कुठे दिसली नाही. आम्ही परत परत पाहिलं.

आता आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. जुने साथी म्हणतील, कोर्टालाच शिव्या द्या, विकलेलं आहे म्हणा, काय घाबरता. आम्हाला ते पटत नाही. घाबरून नाही. आपल्या गावच्या पंचातसुद्धा पंचाला तू दारू पिऊन निकाल दिला असं कोणी म्हटलं तर दंड होतो, आणि व्हायलाच पाहिजे, नाहीतर उद्या पंच म्हणून कोण बसेल? पण त्याच पंचात हरलेला माणूस उठून म्हणतो, "हा न्याय बरोबर नाही, माझ्या बांधावर येऊन बघा." त्याला कोणी दंड लावत नाही. कधी कधी डाया माणसं उठून खरंच बांधावर जातात. निकाल चुकला असं म्हणणं आणि पंच विकला गेला असं म्हणणं, यातला फरक शाळेत न गेलेल्यालाही कळतो.

कोर्टाने आपल्याला कधी काही दिलंच नाही असंही नाही. याच सरदार सरोवराच्या केसमध्ये १९९५ पासून १९९९ पर्यंत भिंत ८० मीटरवर थांबली होती ती कोर्टामुळे. १९९७ मध्ये समता केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातली जमीन खाजगी कंपन्यांना खाणीसाठी देता येत नाही. तो निकाल आपण किती शिबिरांत वाचला! कोणी म्हटलं का तेव्हा की यांना कायद्याचं विशेष ज्ञान नाही, यांनी निकालाचं कौतुक करू नये?

आणि हेच कोर्ट आधी वेगळं बोललं होतं. १९९९ मध्ये अरुंधती रॉयच्या नर्मदेवरच्या लेखावरून आणि आंदोलनाच्या बोलण्यावरून असाच प्रश्न आला. तेव्हा न्यायाधीशांनी नाराजी लिहिली पण केस चालवली नाही. आमचे खांदे असली टीका झटकून टाकायला पुरेसे रुंद आहेत, आणि विस्थापितांच्या पुनर्वसनावरून लक्ष हटायला नको, असं ते म्हणाले. किती चांगलं बोलले होते. अडीच वर्षांत खांदे कसे काय अरुंद झाले?

आता मूळ गोष्ट, ज्याच्यावरच्या दोन ओळी बुजवल्या ती. २००० च्या निकालात लिहिलेलं आहे की आदिवासींचं विस्थापन झालं म्हणजे लगेच मूलभूत हक्क मोडला असं नाही. नव्या जागी त्यांना पाड्यापेक्षा जास्त आणि चांगल्या सोयी मिळतील, हळूहळू मुख्य प्रवाहात मिसळून त्यांची प्रगती होईल. आमच्यातल्या दोघांचे मामा बुडितातले. महाराष्ट्रातली ३३ गावं, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. त्यातले एक मामा वसाहतीत उतरले, दुसरे अजून वरच आहेत. खरं ते सांगतो. वसाहतीत रस्ता आहे, हातपंप आहे, आजारी माणसाला झोळीत टाकून डोंगर उतरावा लागत नाही. हे कमी नाही, मामी स्वतः सांगते. पण पाड्यावर सरपण, चारा, घराचा बांबू, मोहाची फुलं, नदीतले मासे, यातलं काहीच विकत नव्हतं. आता सरपणालाही रोख पैसे लागतात. गुरं विकली कारण चरायला जागा नाही. शेजारच्या गावाच्या हद्दीत गाय गेली की भांडण. हातपंप आणि नदी यांच्यातला हा हिशेब मामीला तोंडपाठ आहे. निकालात हातपंपाची बाजू आहे, नदीची बाजू नाही. ही टीका करायला लागणारं विशेष ज्ञान मामीकडे आहे, दिल्लीत नाही.

भरुचा साहेबांचा निकाल वाचल्यावर तर आणखी आश्चर्य वाटलं. त्यांनी लिहिलं आहे की १९८७ मध्ये धरणाला पर्यावरणाची मंजुरी दिली तेव्हा लागणारे अभ्यासच पूर्ण झालेले नव्हते, म्हणून तज्ज्ञांकडून तपासून मंजुरी मिळेपर्यंत काम थांबवा. आपण मणिबेलीपासून जे ओरडत होतो तेच. तीनपैकी एका न्यायाधीशाने ते लिहिलं तर तो निकालपत्राचा भाग होतो, छापून विकलं जातं, लॉ कॉलेजात शिकवलं जातं. तेच आपण मोर्च्यात बोललो तर साहेब म्हणतात, आत जाल. मार्च २००२ मध्ये भरुचा साहेबच देशाचे सरन्यायाधीश होते. न्यायाधीशांमध्ये थोडे अप्रामाणिकही असतात असं त्यांनी स्वतः डिसेंबर २००१ मध्ये केरळात जाहीर भाषणात मान्य केलं. ते बोलले ते बरं झालं. पण आम्ही तेवढंच वाक्य इथे आमच्या नावावर लिहिलं असतं तर?

कायद्यातली सर्वात वाकडी गोष्ट आम्हाला वकील साथीने सांगितली, ती ऐकून विश्वास बसला नाही. एखाद्या सावकाराबद्दल आपण लिहिलं आणि त्याने बदनामीची केस केली, तर लिहिलेलं खरं आहे आणि लोकांच्या भल्यासाठी आहे हे सिद्ध करून आपण सुटू शकतो. कोर्टाच्या अवमानात २००६ पर्यंत तसं नव्हतं. मी बोललो ते खरं आहे, पुरावा घ्या, असं म्हणायला कायद्यात जागाच नव्हती. खरं बोलल्याचा बचाव नव्हता असा गुन्हा आम्ही तरी दुसरा ऐकला नाही. हे बदलायला पाहिजे होतं, आणि ते बदलायचं काम संसदेचं होतं. 

कोणी म्हणेल, आपली संघटना जमिनीची, आपल्याला या लेखिकेच्या भानगडीत काय पडायचं? पडायचं कारण असं. २३ नोव्हेंबर २००१ ला गोदावर्मन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला की कोर्टाच्या परवानगीशिवाय केंद्र सरकारने वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करू नयेत. अतिक्रमण म्हणजे कोण, तर आपण, आजोबांच्या काळापासून प्लॉट कसणारे. त्या केसमध्ये आपल्याला कोणी पक्षकार केलेलं नाही, आपलं म्हणणं कोणी विचारलेलं नाही. कोर्टात आपण नाही, आणि कोर्टाबाहेर बोललो तर विशेष ज्ञान नाही. मग आपलं म्हणणं जायचं कुठे? ही केस चालू आहे म्हणून लिहिताना जपून लिहू. हुकूम जसाच्या तसा मराठीत करून छापू, कलम ४ प्रमाणे. आणि आपल्या प्लॉटची हकीकत, दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब हे सगळं त्याच्या शेजारी छापू.

आता त्या दोन ओळी. या वेळी बैठकीत वाचून, वकील साथीला दाखवून आणि सगळ्यांनी हात वर करून छापतो आहोत:

"नव्या जागी पाड्यापेक्षा चांगल्या सोयी मिळतील असं निकालात लिहिलं आहे, पण पाड्यात काय मिळतं हे पाड्यातल्या माणसांना विचारून ते लिहिलेलं नाही. हा निकाल चुकीचा आहे, आम्हाला तो पटलेला नाही."

निकालाची झेरॉक्स आणि आम्ही केलेला मोडकातोडका मराठी अर्थ संघटनेच्या खोलीवर ठेवला आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी दोननंतर कोणीही येऊन वाचावा. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवू, पावरीत सांगू. ज्यांच्या घरी वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या आहेत त्यांनी येताना त्या घेऊन याव्या, ओल्या झाल्या असतील तर आधी उन्हात वाळवून.